‘मीच तो’ हे सिद्ध कसे करायचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पण ते खरोखरच पडले का, याबद्दलची कुजबुज पुण्यात पुढे कितीतरी वर्षे थांबली नाही. पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलेच नाही. त्या शंकेच्या जागेत एक तोतया उभा राहिला. ‘मीच भाऊ’ असे तो सांगू लागला. चौकशी होऊन त्याला कैदेत टाकण्यात आले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून तो सुटला आणि बघता बघता कोकणात त्याच्यामागे मोठा जमाव गोळा झाला. त्याच वर्षी त्याला पकडून पुण्यात देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे ही हकिकत मराठी वाचकांना परिचयाची आहे.

मी इतिहासाचा नव्हे, संगणकाचा शिक्षक. तरीही या हकिकतीत मला रस आहे, कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आज आपण प्रत्येकजण दिवसातून दोन-चारदा सोडवत असतो. समोरचा माणूस ‘मीच तो’ म्हणतो, ते खरे कसे मानायचे? बँकेचा संगणक आपल्याला हेच विचारतो, गॅस सिलिंडर आणणारा हेच विचारतो. उत्तर म्हणून आपण मोबाइलवर आलेले सहा किंवा चार आकडे सांगतो आणि आपली ओळख पटते. हे आकडे आले कुठून, आणि त्यांच्यावर आपण किती भरवसा टाकावा, याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

ओळख पटवण्याचे मार्ग जुन्या काळापासून तीनच. एक, माणसाला माहीत असलेली गोष्ट. दुसरा, त्याच्याजवळ असलेली वस्तू. तिसरा, त्याच्या अंगची खूण. किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तो पहिला मार्ग. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब पाहून ते खरे मानले जाई, तो दुसरा. चेहरा, आवाज, अंगावरचा वण, हा तिसरा. तोतयाच्या प्रकरणातला पेच असा, की घरातल्या गोष्टी ऐकून पाठ करता येतात, चेहराही थोडाफार जुळू शकतो, आणि ज्यांना विश्वास ठेवायचाच आहे ते उरलेले अंतर स्वतःच भरून काढतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

संगणकाच्या जगात पहिला मार्ग आधी आला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने १९६१ मध्ये एक नवी व्यवस्था करून दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून द्यायचा. संगणक सामायिक झाला, पण प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहायला हवीत. म्हणून प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो त्याची संगणकावरची सुरुवात इथून झाली.

आणि फसवणुकीची सुरुवातही इथूनच झाली. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर मिळणारा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम उरकले. हे त्याने पुष्कळ वर्षांनी स्वतःच सांगितले. १९६६ मध्ये तर त्याच संगणकावर एक विलक्षण घोटाळा झाला. रोज सकाळी सर्वांना दिसणारी सूचना आणि परवलीच्या शब्दांची यादी यांची अदलाबदल झाली. जो कोणी संगणकासमोर बसे, त्याला स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांची गुपिते दिसू लागली.

यातून एक धडा निघाला. गुपित जसेच्या तसे साठवून ठेवू नये. धान्य दळून पीठ करता येते, पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. तसे गणिती ‘दळण’ करून शब्द साठवायचा. माणूस शब्द टंकतो तेव्हा तो पुन्हा दळायचा आणि पीठ जुळते का ते पाहायचे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. दळताना प्रत्येक शब्दात वेगळे मीठ टाकायचे, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे निघेल. या युक्तीचे तांत्रिक नावही ‘मीठ’च आहे. त्याच निबंधात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांचा हिशेब आहे. त्यांतले ८६ टक्के इतके आखूड किंवा सोपे होते, की ते सहज शोधून काढता येत. गणित कितीही पक्के असले तरी माणूस स्वतःचे नाव किंवा शब्दकोशातला सोपा शब्दच निवडणार, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

मग शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. माणसाने लक्षात ठेवावे असे काही नकोच. १९८१ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एकदाच चालणाऱ्या परवलीच्या शब्दांची पद्धत मांडली. प्रत्येक वेळी नवा शब्द, आणि वापरला की तो बाद. वाटेत कोणी चोरून ऐकला तरी तो त्याच्या उपयोगाचा नाही. ‘वन टाइम पासवर्ड’ म्हणजे आपला ओटीपी, त्याची कल्पना इतकी जुनी आहे. १९८० च्या दशकात खिशात मावणारी उपकरणे आली. त्यांच्या छोट्या पडद्यावर दर मिनिटाला नवा आकडा उमटे. मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी ती बाळगत. पण प्रत्येक ग्राहकाला असे यंत्र द्यायचे म्हणजे खर्चाचे काम. ते परवडेना.

इथे मोबाइल आला. मोबाइलमधले सिमकार्ड हे मुळात ओळख पटवण्याचेच साधन आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १९९१ मध्ये जर्मनीतील गिझेके अँड डेव्ह्रियंट या कंपनीने पहिली सिमकार्डे बनवली. कार्डाच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडकिल्ली मोबाइल कंपनीकडे असते. फोन चालू केला की कंपनी एक नवा आकडा पाठवते. कार्ड तो आकडा आपल्या किल्लीशी मिसळते आणि उत्तर परत पाठवते. उत्तर बरोबर आले तर कार्ड खरे. किल्ली स्वतः कधी बाहेर पडत नाही. नवऱ्या मुलीने उखाण्यात नाव घ्यावे आणि मंडळींनी ओळखावे, तसा हा प्रकार. फक्त इथला उखाणा दर वेळी नवा.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने ‘मेरी ख्रिसमस’ असा जगातला पहिला एसएमएस पाठवला. भारतात मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून सेवेची सुरुवात केली. तेव्हा मोबाइल ही श्रीमंतांची चैन होती. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि बघता बघता भाजीवाला, रिक्षावाला, शेतमजूर अशा सर्वांच्या खिशात तो दिसू लागला. बँकांना प्रत्येक ग्राहकासाठी विकत घेणे परवडत नव्हते असे यंत्र ग्राहकांनी आपापल्या पैशांनीच विकत घेतले होते.

आपल्याकडे याला नियमाचे बळ मिळाले ते रिझर्व्ह बँकेमुळे. १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकाने असे ठरले, की कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारात कार्डावर छापलेली माहिती पुरेशी मानू नये. कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक खूण विचारलीच पाहिजे. १ ऑगस्ट २००९ पासून हा नियम लागू झाला. सुरुवातीला पुष्कळ बँकांनी ग्राहकांना कायमचा वेगळा पासवर्ड दिला. लोक तो विसरत. हळूहळू त्याची जागा ओटीपीने घेतली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले तेव्हा दिशा उलटी झाली. तिथे नोंदणीच्या वेळी आपलाच फोन गुपचूप एक एसएमएस बाहेर पाठवतो आणि त्यावरून बँक ओळखते, की हा नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे.

विद्यार्थ्यांना हा इतिहास फळ्यावर सांगून पुरत नाही. म्हणून मी वर्गात एक नमुना संकेतस्थळ उभारतो. त्याला पाने दोनच. पहिल्या पानावर मोबाइल नंबर विचारायचा. पाठीमागचा संगणक सहा आकडी कोड तयार करतो, तो दळून आणि वेळ टिपून साठवतो, आणि मूळ कोड एसएमएसने पाठवतो. दुसऱ्या पानावर कोड विचारायचा, जुळला तर आत घ्यायचे. एका दुपारीत उभे राहील असे हे काम. पण ते उभे राहता राहता प्रश्न सुरू होतात, आणि खरे शिक्षण त्या प्रश्नांत आहे.

सहा आकड्यांचे कोड एकूण किती? दहा लाख. माणसाला ही संख्या मोठी वाटते, पण यंत्राला ती काहीच नाही. कितीही वेळा प्रयत्न करू दिला तर यंत्र एकेक करून सगळे कोड वापरून पाहील. म्हणून तीन चुकांनंतर कोड बाद करायचा. मग आंधळेपणाने बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता दहा लाखांत तीन उरते. कोड पाच मिनिटांत मरायला हवा, नाहीतर कालचा कोड आज चालेल. एखाद्याने घाईघाईने ‘पुन्हा पाठवा’ दोनदा दाबले तर? नवा कोड निघताच जुना रद्द, असा नियम लिहावा लागतो. कोणी खोडसाळपणे शेजाऱ्याचा नंबर टाकून त्याला शंभर एसएमएस पाठवले तर? त्यावरही मर्यादा हवी. शिवाय प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात. कोड दळून साठवला म्हणजे तो सुरक्षित झाला का? पूर्णपणे नाही, कारण दहा लाखच धान्ये असतील तर सगळीच दळून ताडून पाहता येतात. खरे संरक्षण त्या पाच मिनिटांचे आणि तीन प्रयत्नांचे.

वर्गात एक प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतो. “सर, एसएमएसचा खर्च कशाला? नमुनाच आहे, कोड पडद्यावरच दाखवू या.” मी तसे करू देतो. मग विचारतो, आता हे संकेतस्थळ काय सिद्ध करते? थोड्या वेळाने वर्ग गप्प होतो. पडद्यावर दिसणारा कोड वाचता येतो, एवढेच ते सिद्ध करते. सगळे सामर्थ्य कोड दुसऱ्या वाटेने येण्यात होते. ती वाट काढून टाकली की दोन पाने आणि सहा आकडे तसेच राहतात, पण ओळख उरत नाही.

मग ती दुसरी वाट तरी किती भरवशाची? एसएमएस ज्या यंत्रणेवरून धावतो तिचा आराखडा १९७० च्या दशकातला आहे. जगभरच्या टेलिफोन कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवतात, असे त्यात गृहीत धरलेले होते. २०१७ च्या सुरुवातीला जर्मनीत चोरांनी याच विश्वासाचा फायदा घेऊन बँक ग्राहकांचे एसएमएस भलतीकडे वळवले आणि खाती रिकामी केली. दुसरी वाट सिमकार्ड बदलण्याची. चोर मोबाइल कंपनीला पटवतो की सिम हरवले आहे, नवे द्या. नवे सिम चालू होते, खऱ्या मालकाचे बंद पडते. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे खाते असाच नंबर पळवून वापरले गेले. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच एसएमएसचा मार्ग मर्यादित वापराचा ठरवला होता.

आपल्याकडची वाट याहून सोपी. चोर फोन करून गोड आवाजात म्हणतो, “काका, बँकेतून बोलतोय, कार्ड बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा.” आणि काका सांगतात. तोतयाच्या वेळी जे घडले तेच इथे घडते. विश्वास ठेवायला तयार असलेला माणूस उरलेले अंतर स्वतः भरून काढतो. त्याला कोणतेही दळण, कोणतेही मीठ पुरत नाही.

फसवे एसएमएस रोखण्यासाठी दूरसंचार नियामकाने २०१८ मध्ये नियम केले. एसएमएस पाठवणाऱ्याने आपले नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवायचा, साच्यात न बसणारा संदेश अडवायचा. ८ मार्च २०२१ रोजी या गाळणीची सक्तीने अंमलबजावणी झाली आणि देशभर ओटीपी येईनासे झाले. ज्यांनी साचे नीट नोंदवले नव्हते त्यांचे खरे संदेशही अडकले. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. सहा आकड्यांच्या या चिठ्ठीवर आपला किती कारभार टेकला आहे, ते त्या दिवशी कळले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगतो आहे, तिच्याकडे येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. ज्याच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही अशा माणसाला ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे आधारची अनेक कामे मोबाइलवरच्या ओटीपीशी जोडली गेली. २०२१ मध्ये करोनाच्या लशीची नोंदणी संकेतस्थळावर करायची, तर तिथेही आधी मोबाइल नंबर आणि मग ओटीपी. म्हणजे माणसाच्या ओळखीचा दरवाजा मोबाइलच्या खोलीतून उघडतो.

आणि ती खोली कोणाची आहे? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्यांकडे नव्हता. माझे नमुना संकेतस्थळ मी एकदा बचत गटातल्या महिलांना दाखवले. कोड कसा येतो, कोणाला सांगायचा नाही, हे सगळे समजावले. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “सर, कोणाला सांगू नका म्हणता, पण तो येतोच मुलाच्या फोनवर. तो मला सांगतो, तेव्हा मला कळतो.” बाकीच्या हसल्या. मला मात्र माझ्या दोन पानांतला नियम तिथे लागू पडत नाही असे दिसले. तो लिहिणाऱ्याने एक माणूस म्हणजे एक फोन, असे धरलेले होते.

घराघरांत हे चालू आहे. नंबर वडिलांच्या नावावर, फोन थोरल्या मुलाकडे, खाते आईचे. मुलगा नोकरीला परगावी गेला की आईची ओळखही त्याच्याबरोबर जाते. पैसे भरायचे राहिले म्हणून नंबर बंद पडतो. ९० दिवसांची मुदत उलटल्यावर तो दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. बँकेच्या वहीत मात्र जुनाच नंबर असतो. मग एका विधवेच्या पेन्शनचा ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. यात कोणी लबाडी केलेली नसते. नंबर म्हणजेच माणूस, असे आपण कधीतरी न सांगता मान्य केले, त्याचा हा परिणाम.

तंत्रज्ञान पुढे जाते आहे. मार्च २०१९ मध्ये संकेतस्थळांसाठी एक नवे मानक मंजूर झाले आणि २०२२ मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून त्याला मोठा पाठिंबा दिला. ‘पासकी’ या नावाने ते ओळखले जाते. यात फोनच्या आत एक गुप्त किल्ली तयार होते आणि संकेतस्थळाकडे फक्त तिची उघड जोडकिल्ली जाते. सिमकार्डात जसा उखाणा होता तसाच इथेही, पण गोड आवाजाच्या चोराला सांगता येईल असा आकडाच यात नसतो. शिवाय किल्ली ठरावीक संकेतस्थळालाच उत्तर देते, नकली संकेतस्थळाला देत नाही. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढून एसएमएसखेरीज इतर मार्गांना वाट मोकळी करून दिली आणि त्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली.

या सुधारणा हव्यातच. पण पासकीची किल्लीही कोणाच्या तरी फोनमध्येच राहणार आहे, आणि बचत गटातल्या त्या मावशींचा प्रश्न तसाच शिल्लक आहे. म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा, विशेषतः आई-आजीचा, स्वतःचा नंबर असावा, तो तिच्याच नावावर असावा आणि बँकेत व आधारवर तोच नोंदलेला असावा. नंबर बदलला तर आठवड्याच्या आत सगळीकडे बदलून घ्यावा. आणि जे अशा व्यवस्था बांधतात, त्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, की दोन पानांच्या शेजारी तिसरे पान लिहा. ज्याच्याजवळ फोन नाही, ज्याचा नंबर हरवला, ज्याचा फोन दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने काय करायचे, ते त्या पानावर असू दे. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणता कागद न्यायचा, कोणाला भेटायचे, हे तिथे स्वच्छ मराठीत लिहा. यंदाच्या वर्गाला मी गुण देणार आहे ते त्या तिसऱ्या पानाला.